आईच्या श्रमाचा हिशेब आणि आपल्या मुलांचे अर्थशास्त्र

(वाशीम जिल्ह्यातील एका बुद्धविहारात, नवदीक्षित कुटुंबांसमोर, अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मुलामुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृह, नोकरीच्या परीक्षा यांविषयी माझ्याहून अधिक जाणणारे पुष्कळ वक्ते आपणांस मिळतील. मी एका विषयाचा अध्यापक आहे, आणि त्या विषयाच्या पुस्तकातून आपल्या घरातील अर्धी माणसे गाळली गेली आहेत, ही तक्रार घेऊन मी आपणांसमोर उभा आहे. तो विषय म्हणजे विकासाचे अर्थशास्त्र. देश गरीब का राहतो, शेतीतून माणूस कारखान्याकडे कसा जातो, राष्ट्राचे उत्पन्न कसे मोजतात, हे त्यात शिकवितात. आपली मुले बी.ए.च्या वर्गात तो विषय घेतात, परीक्षा देतात, पदवी मिळवितात. आणि ज्या माउलीने त्यांना वाढविले ती काय करते हे त्यांना त्या विषयाच्या भाषेत सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात एक साधा कागद फिरविला होता. त्यावर विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचा व्यवसाय आणि आईचा व्यवसाय एवढेच लिहावयाचे होते. कागद परत आले तेव्हा आईच्या रकान्यात बहुतेकांनी लिहिले होते, ‘काही नाही’. कोणी लिहिले ‘घरीच असते’. एका मुलीने मात्र तो रकाना कोरा ठेवला आणि उभी राहून मला विचारले, “सर, माझी माय पहाटे घरचे उरकून निंदायला जाते, संध्याकाळी येताना सरपण आणते, रात्री म्हशीचे पाहते. तिला कोणत्या रकान्यात घालू?” मला उत्तर देता आले नाही. मी तिला म्हणालो, शेतमजुरी लिही. ती म्हणाली, “शेतमजुरी सहा महिने. बाकीचे?” ह्या मुलीचे म्हणणे पुस्तकाच्या बाहेरचे आहे असे समजून मी तो विषय तेथेच सोडला आणि राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या फळ्यावर लिहू लागलो. आज मला त्याची लाज वाटते, म्हणून सांगतो.

तो प्रश्न पुस्तकाच्या बाहेरचा नव्हता. आपल्या सरकारच्या श्रमशक्तीच्या पाहणीत प्रत्येक माणसाला तो काय करतो त्याप्रमाणे एक क्रमांक देतात. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीस ९२ हा क्रमांक. घरकाम करून शिवाय सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणाऱ्या, घरापुरते शिवणटिपण करणाऱ्या व्यक्तीस ९३. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचे होत. म्हणजे ती व्यक्ती कामकरी नव्हे, आणि बेकारही नव्हे. आता दुसरीकडे पाहा. देशाच्या उत्पन्नाचा हिशेब करताना जळाऊ लाकडाची किंमत धरतात, शेणाची किंमतही धरतात. सरपणाची मोळी राष्ट्राच्या उत्पन्नात गेली. परंतु ती मोळी डोक्यावर घेऊन आलेली बाई कामकऱ्यांच्या यादीत आली नाही. शेण मोजले गेले, शेण काढणारी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या गोठ्यातील शेण काढलेल्या समाजास ह्या गोष्टीचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

स्वयंपाक, धुणे, पाणी, म्हाताऱ्यांची व आजाऱ्यांची सेवा यांचे तर उत्पन्नात नावच नाही. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी एक उदाहरण दिले आहे: एखाद्या गृहस्थाने आपल्या घरच्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर तिचा पगार बंद होतो आणि राष्ट्राचे उत्पन्न तितके घटते, भाकरी मात्र तितक्याच थापल्या जातात. हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गाला हसविण्यासाठी सांगत आलो. मुलगे हसत. मुली हसत नसत, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

हे काम किती, ह्याचा अंदाज आता सरकारी कागदावरही उपलब्ध आहे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१, आणि पुरुष शंभरांत २६ निघाले. जे हे काम करतात त्यांच्यापैकी स्त्रीचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे जात होते, पुरुषाचे ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाचीही नऊ वाचली. ही प्रगती म्हणावी तर म्हणा! शिवाय सरासरीत नळ असलेले घरही येते आणि हापशीवर रांग लावणारे घरही येते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी कोण चालते, हे सांगावयास दिल्लीची पाहणी नको.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे परदेशी स्त्रियांचे खूळ आपल्या वर्गात कशाला आणता? ह्या आक्षेपाचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण आक्षेप घेणारे पुष्कळदा आपलेच सुशिक्षित तरुण असतात, आणि बाबासाहेबांचे नाव त्यांच्या ओठावर असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे प्रथम अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ ते १९२० ह्या काळात मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात ते हाच विषय शिकवीत होते. १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडल्याने दैन्य संपणार नाही. शेतीवर जी फाजील माणसे बसून आहेत त्यांना उद्योगधंद्यात काम दिले पाहिजे, असा त्यातील विचार आहे. पुढे १९५४ साली, वेस्ट इंडीजमधील सेंट ल्युशिया बेटावर जन्मलेले काळ्या वर्णाचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी शेतीतील फाजील श्रमाचा सिद्धांत मांडला. त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज प्रत्येक बी.ए.चा विद्यार्थी तो सिद्धांत पाठ करतो. लुईस यांनी आपल्या लेखात घरातील बायका व मुली यांचाही श्रमाचा मोठा साठा म्हणून उल्लेख केला होता, आणि घरातील काम घराबाहेर मोबदल्यावर जाणे ही विकासाची एक ठळक खूण आहे असे म्हटले होते. माझ्या वर्गातील टिपणांत मात्र तेवढाच भाग उतरला नव्हता. टिपणे कोणी केली हे विचारू नका. मीच केली होती.

बाबासाहेब पुस्तकावर थांबले नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतीच्या रजेचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा. परंतु जो मालक स्त्रियांना कामावर घेतो तो त्यात नफा पाहूनच घेतो, म्हणून त्यानेही भार सोसला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ह्यात दयेची भाषा नाही. लाभ कोणाला होतो आणि खर्च कोण भरतो, असा सरळ हिशेब आहे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मूल वाढविणे हे राष्ट्राच्या उत्पादनाचे काम आहे आणि त्याचा खर्च एकट्या आईवर टाकता येत नाही, हे तत्त्व त्या भाषणात आहे. विकासाच्या अर्थशास्त्रात स्त्रीचा विचार आणणे म्हणजे हेच. आपण ते उसने आणीत नाही.

आपल्या वऱ्हाडच्या भगिनीही ह्यात मागे नव्हत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्यांनी काडीमोडीचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वास विरोध केला, आणि त्याच बैठकीत कामकरी स्त्रियांच्या रजेचा व पेन्शनचाही ठराव केला. घरातील अन्याय आणि कारखान्यातील अन्याय ह्यांची त्यांनी वेगळी खाती पाडली नाहीत. त्या स्त्रियांपैकी किती जणींनी शाळा पाहिली होती?

आता आपल्या वाशीमकडे येतो. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके; सोयाबीन, तूर, कपाशी ही पिके. २०१८ साली सरकारने देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते, आणि त्यांत वाशीम होता. प्रगती मोजण्यासाठी ४९ निर्देशांक ठरविले गेले. गरोदर मातेची तपासणी, दवाखान्यातील प्रसूती, शाळेतील मुलींचे शौचालय ह्यांची त्यांत नोंद आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याच मातेच्या दिवसातील तासांची नोंद त्यात नाही. तिची तपासणी झाली की नाही हे कळते; तपासणीस जावयास तिला वेळ होता की नाही हे कळत नाही.

माझ्या विषयात छुप्या बेकारीचा एक धडा आहे. पाच एकरांवर पाच माणसे राबतात. दोन काढून घेतली तरी उत्पन्न घटत नाही. म्हणून ती दोन फाजील. मी आता विद्यार्थ्यांना विचारतो, कोणती दोन काढता? श्रावणात निंदणाच्या वेळी बाया काढा आणि मग पीक पाहा. कपाशी फुटल्यावर वेचणाऱ्या काढा. पुस्तकातील ‘माणूस’ हा शब्द बाई धरतो की नाही, हे प्रथम ठरवावे लागते, आणि ते ठरविले की सिद्धांताची अर्धी किल्ली हाती येते. घरातील पुरुष कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेला, त्यामुळे शेतात काही बिघडले नाही, असे आपण म्हणतो. बिघडले नाही, कारण त्याचे काम तिने आपल्या कामावर घेतले. मग ते फाजील कोठून?

तणनाशकाचे पाहा. सोयाबीनमध्ये तणनाशकाची फवारणी आली आणि निंदणाचे दिवस घटले. शेतकऱ्याचा खर्च वाचला, हे खरे आहे, आणि लहान शेतकऱ्याला मी दोष देत नाही. तोही कर्जात आहे. पण खुरपे बाईच्या हातात होते आणि फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर गेला. नवे अवजार आले की ते पुरुषाकडे जाते व स्त्रीचे काम जाते, हे डेन्मार्कच्या एस्टर बोझरप ह्या विदुषीने १९७० साली ग्रंथ लिहून जगापुढे ठेवले. आपल्या बाया ते ग्रंथाविना जाणतात. मात्र मजुरी गेलेल्या बाईला त्या वर्षीच्या हिशेबात कोणी बेकार म्हणत नाही. ती घरी बसली, म्हणजे तिचा क्रमांक ९२ किंवा ९३ झाला, एवढेच. पुरुषाची मजुरी गेली तर तो बेकार ठरतो. एकाच शिवारातील दोन मजुरांना दोन मोजमापे लागतात, आणि आमचा विद्यार्थी स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग कमी का, ह्या प्रश्नाला ‘सामाजिक कारणे’ असे दोन शब्दांचे उत्तर लिहून पाच गुण मिळवितो.

मजुरीच्या दराचेही तसेच. समान कामास समान वेतन, असा कायदा १९७६ सालीच झाला. शेतात त्यास बगल कशी देतात? कामेच वाटून टाकतात. निंदण, वेचणी हे बायकांचे काम. वखर, फवारणी, पोती उचलणे हे गड्याचे. काम वेगळे म्हणून दर वेगळा. दिवसभर ओणवे राहून निंदणे हलके, आणि पंप पाठीवर घेणे भारी, हे कोणत्या तराजूत तोलले, हे विचारावयाचे नाही. ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होते. माणसे दोन, नाव एका अवजाराचे, आणि उचल घरधन्याच्या हाती. असले एकेक उदाहरण वर्गात घेऊन तासभर चर्चा केली, तर मुलांना मजुरीचा सिद्धांत इंग्लंडच्या गिरण्यांवरून शिकविण्याची गरज उरणार नाही.

हे सर्व आपणांस का सांगतो? वर्गातील धडा वर्गात सुधारावा, विहारात कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल. ह्याचे कारण माझ्याच घरात आहे. माझी माय निंदायला जात असे. ती गेली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यास, भाकरी करण्यास, पाणी भरण्यास कोणीतरी पाहिजे. माझी मोठी बहीण सातवीत होती. तिची शाळा सुटली. माझी सुटली नाही. मी शिष्यवृत्तीवर शिकलो असे मी अनेक वर्षे अभिमानाने सांगत आलो, व्यासपीठांवरूनही सांगितले. अर्थशास्त्रात ‘संधी-खर्च’ असा एक शब्द आहे: एक गोष्ट घेण्यासाठी जी दुसरी सोडावी लागते, ती त्या गोष्टीची खरी किंमत. तो शब्द मी हजारो विद्यार्थ्यांना समजावून दिला. माझ्या बी.ए.ची संधी-किंमत बाईची सातवी होती, हे मात्र ती स्वतःच्या नातीला कॉलेजात घालण्यासाठी माझ्याकडे फॉर्म भरून घ्यावयास आली त्या दिवशी मला कळले. तिने अंगठा उठविला नाही, हळूहळू अक्षर काढून सही केली, आणि म्हणाली, “एवढंच येतं रे भाऊ, पुढचं तुझ्या वाटणीला गेलं.” ती रागाने बोलली नव्हती.

ज्या श्रमाला किंमत नाही असे आपण धरतो, तो फुकट नसतो. त्याची किंमत दुसरे कोणी भरीत असते, आणि बहुतेक वेळा ती घरातील मुलगी भरते. ऑक्टोबरात सोंगणी लागली की माझ्या वर्गातील मुलींची हजेरी उतरते. मुलगेही जातात, परंतु मुलगा शेतात जातो तेव्हा मजुरी घेऊन येतो आणि ती सांगतो. मुलगी आईच्या जागी घरात उभी राहते, आणि ती ‘घरीच होती’ असे म्हणतात. तिचे तास बुडतात, मग गुण उतरतात, मग तिला शिक्षणात गोडी नाही असे ठरते आणि लग्न ठरते. ही सर्व पायरी-पायरीने होणारी आर्थिक घटना आहे. तीत दैव नाही.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. महाविद्यालयाचे दार आपल्यासाठी उघडावे हा तेव्हाचा झगडा होता. तो संपला असे मी म्हणत नाही. परंतु आत गेलेल्या मुलीला तेथे जे पुस्तक मिळते, त्यात तिच्या मायचा जन्म ‘काही नाही’ ठरत असेल, तर त्या पुस्तकाशी भांडणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. हे भांडण नवे नाही. राष्ट्रीय नियोजन समितीने १९३९ साली स्त्रियांच्या प्रश्नावर उपसमिती नेमली होती. तिचा अहवाल १९४७ साली छापला गेला, आणि घरातील श्रमाचे आर्थिक मोल मानावे अशी भूमिका त्यात होती. स्वातंत्र्याच्या वर्षी छापलेला तो अहवाल कपाटात राहिला आणि पंचवार्षिक योजनांचे आकडे आम्ही पाठ केले.

आपणांकडून मला दोन गोष्टी पाहिजेत, आणि त्यांसाठी वर्गणी नको.

नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासात आता क्षेत्रप्रकल्पास जागा आहे. आपला मुलगा वा मुलगी एक वही घेऊन घरी बसेल आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत घरातील प्रत्येक माणूस कोणत्या वेळी काय करतो हे लिहील. एक दिवस निंदणाच्या हंगामातला, एक उन्हाळ्यातला. पाणी कोणी भरले, पऱ्हाट्या कोणी फोडल्या, आजाऱ्याजवळ कोण बसले, पारावर कोण बसले, हेही लिहील. कृपा करून त्याला खरे सांगा. पुष्कळ घरांत पुरुष मंडळी त्या वहीवर रागावतात. आमच्या घरची लक्तरे कॉलेजात कशाला, असे म्हणतात. आणि स्त्रिया त्याहून विचित्र करतात: स्वतःचे काम स्वतःच गाळतात. ‘ते काय लिहायचं, ते तर रोजचंच,’ असे म्हणतात. माउल्यांनो, रोजचे तेच प्रथम लिहवून घ्या. त्या वहीतले तास येथील मजुरीच्या दराने गुणिले म्हणजे मुलांना राष्ट्रीय उत्पन्नाचा जो धडा कळतो, तो मला फळ्यावर कधी शिकविता आला नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. ज्यांच्याकडे एकर-दोन एकर जमीन आहे, त्यांनी सातबारा काढून पाहावा. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत स्त्रिया शंभरांत सुमारे चौदा होत्या. महाराष्ट्र सरकारने १९९२ साली लक्ष्मीमुक्तीचा आदेश काढून पत्नीचे नाव जमिनीस लावण्याची सोय केली. मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. त्या कायद्याच्या नावात हिंदू शब्द आहे म्हणून तो आपल्यास लागू नाही, असा गैरसमज काही नवदीक्षित घरांत मला आढळला. बौद्धांस तो लागू आहे. जमीन नसेल तर घराच्या उताऱ्यावर नाव असावे. बँकेचे कर्ज, नुकसानभरपाई, पीकविमा ही सर्व कागदावरील नावाकडे जातात; कसणारीकडे जात नाहीत. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये महिन्याला बायकांच्या खात्यावर येऊ लागले, तेव्हा माझ्या वर्गात एका मुलाने ते दान आहे असे म्हटले. एका मुलीने विचारले, थकलेल्या मजुरीचा हप्ता का म्हणू नये? तासभर वाद झाला आणि निकाल लागला नाही. असा तास मला वर्षातून चार वेळा मिळाला तरी मी समाधानी आहे.

भगवंतांनी सिगालास उपदेश करताना पतीची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा मान राखणे आणि घरातील अधिकार तिच्या स्वाधीन करणे ही आहेत. आपण विहारात ते सुत्त ऐकतो. अधिकार स्वाधीन केला म्हणजे चाव्या दिल्या, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. मजुरीचा पैसा कोणाच्या हाती येतो आणि मुलीने कॉलेजात जावे की सोंगणीस, हे ठरविताना तिच्या आईचे मत कोणी विचारतो का, हेही त्यात यावे असे मला वाटते.

पुढील महिन्यात सोयाबीन पिवळे पडेल. त्या आधी एका रात्री घरातील सर्वांनी बसून कामाची वाटणी करावी: सोंगणीच्या दिवसांत पाणी कोण भरील, भाकरी कोण करील, लहानग्याला कोण पाहील. त्यात मुलग्याचे नाव घालावे, आणि घरधन्याने स्वतःचेही घालावे. मुलीच्या कॉलेजच्या तासांचे वेळापत्रक समोर ठेवूनच ही वाटणी करावी. ज्यांना ते वाचता येत नसेल त्यांनी मला सभेनंतर भेटावे. मी येथे दिवेलागणीपर्यंत आहे, आणि कोऱ्या वह्याही मी बरोबर आणल्या आहेत.